वाघांची गणना आणि मुक्त संगणक-प्रणालींचे परीक्षण

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतील नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये अस्तित्वात आला. वनसंरक्षणाचे नियोजन वाघांच्या संख्येवर अवलंबून असल्याने ती विश्वसनीय असणे अगत्याचे आहे. पूर्वी ही गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. राजस्थानातील सरिस्का येथे नोंदींत वाघ दिसत असताना २००५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर ठशांची जुनी पद्धत मागे पडून स्वयंचलित कॅमेऱ्यांवर भर आला.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. मात्र सर्वच वाघ कॅमेऱ्यात येत नाहीत. न दिसलेल्यांचा अंदाज कसा बांधतात, हे शिक्षकांना वर्गात दाखविता येईल. पिशवीतील ४० चिंचोक्यांवर खूण करून ते पुन्हा मिसळावेत. नंतर काढलेल्या ५० चिंचोक्यांत खुणेचे १० निघाले, तर एकूण चिंचोके सुमारे २०० (४० × ५० ÷ १०) मानावेत.

जंगलात वाघ फिरत असल्यामुळे कॅमेऱ्यांची स्थानेही हिशेबात घ्यावी लागतात. या किचकट गणितासाठी 'आर' या मोफत संगणक-भाषेत प्रणाली तयार झाल्या आहेत. भारतीय संशोधकांचा प्रमुख सहभाग असलेल्या 'स्पेसकॅप' या प्रणालीचे विवरण २०१२ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अशा प्रणालीची आज्ञावली खुली असते, म्हणून तिची तपासणी कोणालाही करता येते. २०१६ पासून 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हे नियतकालिक तर परीक्षण उघडपणे करते. परीक्षक स्वतः प्रणाली चालवून पाहतो, मार्गदर्शिका पुरेशी आहे काय व चाचण्या आहेत काय हे तपासतो. मग कर्त्याने प्रत्येक आक्षेपाचे उत्तर द्यावे, दोष दुरुस्त करावा, तो दोष पुन्हा शिरू नये म्हणून चाचणी जोडावी आणि नव्या आवृत्तीस क्रमांक देऊन बदलांची नोंद ठेवावी, ही रीत होय. मात्र चांगली प्रणालीही सदोष छायाचित्र-नोंदींची भरपाई करू शकत नाही.

वाघांची संख्या समोर आली असता ती कोणत्या पद्धतीने व प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीने काढली, आणि अंदाजाची किमान व कमाल मर्यादा काय, हे पंचायत सदस्यांनी अवश्य विचारावे. त्याच नोंदी व तीच आवृत्ती वापरून दुसऱ्या तज्ज्ञालाही तेच उत्तर मिळाले, तरच ती संख्या नियोजनाचा आधार होऊ शकते.