शोभेच्या उशा आणि दमा

डोकमर्डीच्या पावसाळ्यात बैठकीतील शोभेच्या उशा ओल धरतात. ओलीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतील किडे वाढतात; त्यांच्या विष्ठेने पुष्कळांचा दमा उसळतो. म्हणून आम्ही सुचवितो:

१. अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवून धुवावेत. उकळत्या पाण्यात तितकेच साधे पाणी मिसळल्यास जवळपास तेवढी उष्णता येते. हात घालू नये, काठीने ढवळावे. थंड पाण्याने किडे मरत नाहीत.

२. भरतकामाचा रंग आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने तपासावा. रंग सुटणारी उशी दमेकऱ्याजवळ नको.

३. सावरीचा कापूस धुऊ नये, गोळे होतात. उशी कडक उन्हात उलटसुलट वाळवावी.

४. उशी अंगणात झटकावी, दमेकऱ्याने दूर राहावे.

५. कुबट वास जात नसेल तर कापूस बदलावा. उशी शोभेची, श्वास मात्र गरजेचा.