घर घेताना, भाड्याने देताना व विकताना

आपल्या वाडवडिलांचे गावात घर होते, पण त्या जागेचा कागद बहुतेकांजवळ नव्हता. आज आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, एस.टी.चे कर्मचारी आहेत. निवृत्तीचा पैसा हाती आला की बुलडाणा, चिखली वा खामगावला प्लॉट घ्यावा, दोन खोल्या बांधून भाड्याने द्याव्यात, असा विचार मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु आयुष्याची पुंजी एका सहीने जाऊ शकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. 1996 साली माझ्या थोरल्या भावाने भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून प्लॉट घेतला. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिखाण, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. चार वर्षांनी पाया खोदायला गेले, तेव्हा त्याच प्लॉटचे नोंदणीकृत खरेदीखत दुसऱ्याच्या हाती होते. पैसा गेला तो गेलाच. वहिनी आजही भाड्याच्या घरात राहतात.

घेताना

100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. इसारपावती, साठेखत किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणून इसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1) सातबारा व त्यावरील सर्व फेरफार, शहरात मिळकत पत्रिका. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तो एकटा मालकी सिद्ध करीत नाही.

2) सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल किंवा शहरातील जागा नझूलची असेल, तर हस्तांतरणाच्या अटी व परवानगी यांची आधी चौकशी करावी.

3) जमीन निवासी वापराची आहे काय, ले-आउट मंजूर आहे काय? समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. मेहकर, सिंदखेड राजाकडे कोणी महामार्गालगत म्हणून शेतातला तुकडा दाखवला, तर लक्षात ठेवा : रस्ता जवळ आला म्हणून शेताचे प्लॉट होत नाहीत. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प विक्रीस काढण्यापूर्वी महारेराकडे नोंदवावा लागतो. तो क्रमांक मागावा.

4) वकिलाकडून मागील 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. वकिलाची फी जड वाटते, पण ती कोर्टकचेरीपेक्षा स्वस्तच पडते.

जागाही डोळ्यांनी पाहावी. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंती तडकतात. शेगाव, संग्रामपूरकडील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे लागते; नळ नसेल तर भाडेकरू टिकत नाही.

घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. घरातील लक्ष्मीला नुसते शब्दांनी गौरवण्यापेक्षा हे बरे.

भाड्याने देताना

आधी हिशेब मांडावा. समजा घर 20 लाखांचे, भाडे महिना 6,000. वर्षाचे 72,000. त्यातून एक महिना घर रिकामे धरा, कर-दुरुस्तीचे 12,000 वजा करा. उरले 54,000, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. तेच घर 12 लाखांचे कर्ज काढून घेतले, तर 9 टक्के दराने 15 वर्षांचा हप्ता सुमारे 12,170 रुपये येतो. भाड्यावर हप्ता फिटेल, या भरवशावर कर्ज काढू नये.

विदर्भात पूर्वी 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अंमलात आला. त्यानुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘माणूस ओळखीचा आहे’ म्हणून तोंडी व्यवहार करू नये. भाड्याची पावती द्यावी. भांडण झाले तरी पाणी-वीज तोडू नये. तो गुन्हा ठरतो. आपणही कधी भाडेकरूच होतो, हे विसरू नये. जात विचारून खोली नाकारल्याचा अपमान आपल्यापैकी अनेकांनी सोसला आहे. तो आपल्या दारातून दुसऱ्याला मिळू नये.

विकताना

बौद्धांनाही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या घरात आई, भाऊ व बहिणी सर्वांचा हिस्सा असतो. बहिणीला विचारल्याशिवाय केलेला सौदा पुढे कोर्टात अडकतो, आणि माहेरही तुटते. म्हणून वारसनोंद आधी, गिऱ्हाईक नंतर.

इसाराची रक्कम 20,000 वा अधिक असेल, तर रोख घेऊ नये. आयकर कायद्याने ते मना आहे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज ताबा देऊ नये. कर, वीजबिल चुकते करून पावत्या जपाव्यात.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या पिढ्यांना कागद वाचू दिला गेला नाही, त्यांनी तर कागद दोनदा वाचावा. समजला नाही, तर शिकलेल्या मुलीला बसवून मोठ्याने वाचून घ्यावा. समजेपर्यंत सही करू नये. प्लॉट पळून जात नाही. पळतो तो पैसा.