देशासाठी खेळताना गुडघा गेला, तर पगार कोण देतो?

प्रश्न : जानेवारी 2024 मध्ये कतारला आशिया चषकात सीरियाविरुद्ध खेळताना संदेश झिंगन जायबंदी झाला आणि एफसी गोवाला उरलेला मोसम त्याच्याविना काढावा लागला. अशा वेळी खेळाडूचा पगार कोण देतो? क्लब आपल्या खेळाडूंचा विमा उतरवतात का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पगार क्लबच देतो. अंगावर जर्सी देशाची असली तरी खेळाडूचा करार क्लबशी असतो. फिफाच्या ठरलेल्या तारखांना राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडणं क्लबला बंधनकारक आहे, त्याबद्दल मोबदला मागता येत नाही, आणि त्या काळातल्या आजार-अपघाताच्या विम्याची जबाबदारीही नियमाने क्लबवरच टाकलेली आहे.

हा अन्याय आहे असं बेल्जियमच्या शार्लरवा क्लबने ठणकावून सांगितलं. नोव्हेंबर 2004 मध्ये त्यांचा अब्देलमजीद उलमर्स मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. क्लबने थेट फिफाला कोर्टात खेचलं. युरोपातल्या धनाढ्य क्लबांची ‘जी-14’ ही संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्यातच 2006 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या मायकेल ओवेनचा गुडघा स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गेला आणि त्याचा न्यूकॅसल क्लबही भरपाईसाठी भांडू लागला. शार्लरवाचा खटला 2008 मध्ये तडजोड होऊन मागे घेतला गेला, पण प्रश्न ऐरणीवर आला तो त्या छोट्या क्लबमुळे.

फिफाने अखेर 2012 मध्ये क्लबांसाठी संरक्षण योजना आणली. हप्ता फिफा भरते. राष्ट्रीय संघाच्या कामगिरीवर असताना अपघाताने जायबंदी झालेला खेळाडू सलग 28 दिवसांहून जास्त काळ खेळू शकला नाही, तर त्यापुढचा त्याचा ठरलेला पगार क्लबला मिळतो. कमाल मर्यादा दिवसाला 20,548 युरो, तीही वर्षभरच, म्हणजे एका दुखापतीमागे साधारण 75 लाख युरो. उपचाराचा खर्च, कायमचं अपंगत्व आणि मृत्यू यात येत नाहीत. माझ्या मते ती 28 दिवसांची अट छोट्या क्लबांना जाचक आहे. स्नायूच्या कितीतरी दुखापती तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. तेवढ्यात मोक्याचे सामने हातचे जातात आणि पगाराचा भार क्लबवरच राहतो.

बाकी सगळ्यासाठी क्लब स्वतःच्या पैशाने विमा घेतात. मोठ्या रकमांची जोखीम लंडनच्या लॉइड्ससारख्या बाजारात अनेक विमाकर्ते वाटून घेतात. खेळाडू काही काळ बाहेर राहिला तर पगारापोटी भरपाई, आणि कारकीर्दच संपली किंवा मृत्यू झाला तर त्याच्या खरेदीसाठी मोजलेल्या किमतीच्या हिशेबाने एकरकमी पैसे, अशी साधारण रचना असते. वय आणि जुन्या दुखापती पाहून हप्ता ठरतो. आधी शस्त्रक्रिया झालेला गुडघा पॉलिसीतून वगळलाही जातो.

खरी मेख या वगळण्यातच आहे. आपल्याकडे मेडिक्लेमच्या दाव्यात ‘आजार आधीपासूनचा होता’ हे उत्तर पुष्कळांनी ऐकलं असेल. ब्लॅकबर्न रोव्हर्सला तेच ऐकावं लागलं. त्यांचा स्वीडिश आघाडीवीर मार्टिन डालिन याची पाठ सराव सामन्यात दुखावली आणि त्याची कारकीर्द संपली. विमा कंपन्या म्हणाल्या, मणक्यातली चकती आधीच झिजलेली होती आणि झिजेतून आलेलं अपंगत्व पॉलिसीत बसत नाही. क्लबचा युक्तिवाद होता की अशी झीज त्या वयाच्या असंख्य माणसांत असते, तिला आजार कसं म्हणणार? इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2005 मध्ये त्या कलमाचा अर्थ कंपन्यांच्या बाजूने लावला. व्यावसायिक खेळाडूचं शरीर रोजच झिजत असतं, त्यामुळे हे एक कलम सगळ्या पॉलिसीवर पाणी फिरवू शकतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या गोव्यातल्या होतकरू पोरांना जरूर सांगा. क्लबने स्वतःच्या नुकसानीसाठी उतरवलेल्या विम्याचे पैसे क्लबला मिळतात, खेळाडूला नव्हे. गुडघा कायमचा गेला तर करार संपल्यावर त्याच्या हाती काय उरेल, हे त्याच्या करारात काय लिहिलंय आणि त्याने स्वतःचा वेगळा विमा घेतलाय का, यावर अवलंबून असतं. सही करण्याआधी या दोन्ही गोष्टी घरच्यांनी क्लबला स्पष्ट विचाराव्यात.