चूक वैमानिकाची की खटक्याची?

तुमच्या वर्गातील विजेच्या बटणांचा बोर्ड कधी नीट पाहिला आहे का? एका ओळीत सहा-आठ बटणे, सगळी दिसायला सारखी. बाईंनी ‘मागचा पंखा लाव’ म्हटले की आधी दिवा लागतो, मग पुढचा पंखा फिरू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात हवे ते बटण सापडते. वर्गात हशा पिकतो. पण असेच दोन सारखे खटके विमानात असले तर?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलाला एका विचित्र अपघाताने हैराण केले होते. बी-१७ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान सुखरूप उतरे, चाके धावपट्टीला टेकत, आणि मग एकाएकी चाके आत दुमडून विमान पोटावर आपटे! यंत्रात बिघाड नसे. वैमानिकानेच चाके मिटण्याचा खटका ओढलेला असे. मग निष्कर्ष निघे : ‘वैमानिकाची चूक’.

हे असे का होई? उतरताना विमानाचा वेग कमी असतो. कमी वेगातही पुरेशी उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा खाली करतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. जमिनीवर आल्यावर त्या पुन्हा वर घ्यायच्या असतात. वैमानिकाला वर घ्यायचे असत फ्लॅप, आणि मिटत चाके.

१९४३ साली हा प्रश्न आल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे आला. त्याने वैमानिकांना दोष देण्याआधी त्यांच्या हातांपुढे काय आहे ते पाहिले. फ्लॅपचा खटका आणि चाकांचा खटका अगदी शेजारी-शेजारी होते, आणि रूपाने सारखेच! आपल्याकडे ‘डाकोटा’ म्हणून परिचित असलेल्या सी-४७ विमानात मात्र ही चूक होत नव्हती. तेथे ही दोन नियंत्रणे एकमेकांपासून दूर होती आणि चालवण्याची रीतही वेगळी होती. वैमानिक दोन्हीकडे माणसेच. फरक होता तो रचनेत.

उपाय अगदी साधा निघाला. चाकांच्या खटक्यावर रबराचे छोटे चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. आता अंधारातही, न बघता, नुसत्या स्पर्शाने खटका ओळखू येऊ लागला. आजही मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपची पंखाच्या आकाराची असावी असा नियम आहे. शिवाय विमानाचा भार चाकांवर असताना दांडा वर सरकूच नये, अशी अडसराची योजनाही असते.

१९४७ साली फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे निम्म्या चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हाताळल्याच्या होत्या. अनेक माणसे एकाच ठिकाणी एकच चूक करू लागली, तर दोष माणसांत नसून वस्तूत शोधावा, हा यातला धडा.

पुढे १९५९ साली चॅपॅनिस आणि लिंडनबॉम यांनी चार बर्नरच्या शेगडीवर प्रयोग केला. कोणती कळ कोणत्या बर्नरची हे लोक कसे ओळखतात, हे त्यांनी चार निरनिराळ्या मांडण्या करून तपासले. एका मांडणीत बर्नर थोडे सरकवून अशा रीतीने ठेवले होते, की डावीकडून उजवीकडे जाताना त्यांचा क्रम कळींच्या क्रमाशी जुळावा. या मांडणीत एकही चूक झाली नाही! उरलेल्या तिन्ही मांडण्यांत मात्र चुका झाल्या.

या साऱ्यातून वस्तू घडवण्याचे काही नियम हाती लागतात. वापरणाऱ्याला प्रत्यक्ष काम करताना पाहावे. वेगळ्या कामाची नियंत्रणे वेगळी दिसावीत व हाताला वेगळी लागावीत. नियंत्रणांची मांडणी वस्तूंच्या मांडणीशी जुळावी. घातक चूक होऊच नये अशी अडचण आधीच घालावी. आणि शेवटचा नियम : केलेली सुधारणा लोकांच्या हाती देऊन पुन्हा तपासावी. कारण घडवणाऱ्याला आपली वस्तू सोपीच वाटते. ती त्याला पाठ असते!

करून पाहा

घरी एखाद्या खोलीत बोर्डावरील बटणे आणि दिवे-पंखे यांचा नकाशा कागदावर काढा. ही खोली नवी असलेल्या पाच मित्रांना एकेक करून बोलवा. प्रत्येकाला एकच काम सांगा, उदाहरणार्थ, ‘खिडकीजवळचा पंखा लाव’. त्याने किती बटणे दाबली ते मोजा. मध्ये बोलू नका, खुणावू नका. नंतर प्रत्येक बटणाशेजारी छोटे चित्र काढलेली चिठ्ठी चिकटवा आणि दुसऱ्या पाच नवख्या मित्रांकडून तेच काम करून घ्या. पहिल्याच मित्रांना पुन्हा बोलावू नका. का बरे? त्यांना बटण आधीच ठाऊक झालेले असेल, आणि सुधारणा चिठ्ठीमुळे झाली की सरावामुळे, हे कळणार नाही. हात कोरडे ठेवा आणि बोर्ड मुळीच उघडू नका.

दोन्ही वेळचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. ते कमी झाले, तर मित्र एकाएकी हुशार झाले नाहीत. बोर्ड शहाणा झाला! आणि आकडे कमी झाले नाहीत, तर चित्रे बदलून पुन्हा प्रयोग करा.