आधी कबुली, मग भेट, मग सुटका

माझा पुतण्या अकोल्याचा. मोर्णेकाठी वाढलेला हा पोरगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला आणि एका परक्या देशाच्या नौदलानं ते जहाजच खलाशांसकट ताब्यात घेतलं. मी अमरावतीला राहतो. घरात अर्जविनंत्यांची सवय असलेला मीच, म्हणून सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. पुतण्या सुखरूप परतला. त्या काळात जे कळलं, ते दुसऱ्या कुणा घराच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

1. ‘सोडा’ ही मागणी नंतरची. आधी ‘हा माणूस आमच्याकडे आहे’ हे समोरच्याकडून लेखी वदवून घ्यायचं. मुंबईचा हमीद अन्सारी नोव्हेंबर 2012 मध्ये पाकिस्तानात कोहाटला पकडला गेला. आई फौजिया यांनी पेशावर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा, अर्ज लावून धरला, तेव्हा कुठे जानेवारी 2016 मध्ये तो लष्कराच्या ताब्यात असल्याचं उत्तर आलं. लष्करी न्यायालयानं दिलेली तीन वर्षांची शिक्षा भोगून 18 डिसेंबर 2018 ला तो वाघ्यावरून परतला. ज्यांच्याबाबत कबुलीच मिळाली नाही, त्यांचं काय होतं ते फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्या घरानं भोगलं. 1971 च्या डिसेंबरात त्यांचं विमान पाकिस्तानात पडलं. युद्धानंतर भारतानं सुमारे 93 हजार युद्धकैदी परत पाठवले. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे मात्र पतीच्या शोधात दशकानुदशकं दारं ठोठावत राहिल्या.

2. आपल्या वतीनं बोलणार कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, पकडणारा तिसरा आणि खलाशी आपले. जुलै 2019 मध्ये इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डनं ‘स्टेना इम्पेरो’ हे जहाज अडवलं. मालक स्वीडनचे, झेंडा ब्रिटनचा, पण 23 खलाशांपैकी 18 भारतीय. ब्रिटन आणि इराण एकमेकांशी भांडत असताना आपल्या पोरांसाठी आपल्याच दूतावासाला बोलावं लागतं. म्हणून कंपनीच्या आश्वासनावर विसंबू नका. भरती करणारा एजंट, मुंबईचं नौवहन महासंचालनालय, खलाशांची युनियन, परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल, सगळीकडे एकाच मजकुराचा अर्ज, तारखेसह. आमच्या एजंटनं सुरुवातीला फोन उचलणंच बंद केलं होतं. युनियनचं पत्र गेल्यावर उचलू लागला.

3. पासपोर्टची प्रत, सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), करारपत्र, शेवटचे व्हॉट्सॲप संदेश, औषधांची चिठ्ठी: एका फाइलमध्ये, तीन प्रतींत.

4. वकिलातीच्या माणसाची भेट हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 तेच सांगतं. पाकिस्तानात कैद असलेले कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात सगळी लढाई या कलमावर झाली. मार्च 2016 मध्ये अटक, एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाकडून फाशीची शिक्षा, आणि तोवर भारतीय अधिकाऱ्याला एकदाही भेटू दिलं नाही. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आपली बाजू मांडली नागपूरच्या एन. के. पी. साळवे यांचे चिरंजीव हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर. 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतानं निकाल लागला: पाकिस्ताननं कलम 36 मोडलं, शिक्षेचा फेरविचार करा. त्या सप्टेंबरात अधिकारी भेटला. सुटका अजून झालेली नाही.

त्याआधीची एक भेट माझ्या मनातून जात नाही. 25 डिसेंबर 2017 ला जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या. आत जाण्यापूर्वी दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या उतरवल्या. मध्ये काच. आई मराठीत बोलू लागली तर तिला अडवलं, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं जाहीरपणे सांगितलं. आईनं लेकाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हेही पहारेकऱ्यानं ठरवावं? पुतण्याचा फोन होणार असं कळलं, तेव्हा वहिनी मला एवढंच म्हणाल्या होत्या, ‘थो जेवला का, थे आधी विचारजा भाऊजी.’ तो प्रश्न वऱ्हाडीतच विचारता येतो.

5. वर्तमानपत्रात जायचं की गप्प राहायचं? कबुली मिळेपर्यंत बोला, प्रत्यक्ष वाटाघाटी सुरू झाल्या की अधिकाऱ्यांना विचारून बोला, हे माझं मत. आरोपांबद्दल मात्र एक शब्दही नको. आपलं वाक्य तिकडच्या खटल्यात वापरलं जाऊ शकतं.

6. खासदाराला गाठायला संकोच करू नका. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण सप्टेंबर 2016 मध्ये नियंत्रण रेषेपलीकडे गेले. धुळ्याचे खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते. त्यांनी विषय लावून धरला, दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांत हॉटलाइनवर बोलणी होत राहिली, आणि 21 जानेवारी 2017 ला चव्हाण परत आले.

7. आता एक मागणी. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयात एक नेमलेला अधिकारी असावा. परदेशात अडकलेल्याच्या घरचा अर्ज त्यानं घ्यावा, दिल्लीला पाठवावा आणि दर आठवड्याला त्या घरी फोन करून काय झालं ते सांगावं, काहीच झालं नसेल तरीही.