गिटारवाल्याचा पहिला अल्बम, पण गिटार कुठाय?

प्रश्न : मी धुळ्याचा, मित्र जळगावचा. दोघंही लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. मी की-बोर्ड, तो गिटार. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा एकट्याचा पहिला अल्बम कोणता, यावरून आमची भरीत-पार्टीची पैज लागली आहे. तो म्हणतो, १९७० चा 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. मी म्हणतो, त्याआधीचा एक आहे आणि तो मुंबईत रेकॉर्ड झालाय. मित्राला ऐकवला तर म्हणतो, "गिटारवाल्याचा अल्बम आणि यात गिटार कुठाय?" खरं-खोटं सांगा. लोकांना तो आवडला होता का, तेही सांगा.

उत्तर : पैज तुम्ही जिंकलीत. तुमच्या मित्राने नाव घेतलेला तीन तबकड्यांचा अल्बम गाजला म्हणून तोच पहिला वाटतो. प्रत्यक्षात तो तिसरा. पहिला 'वंडरवॉल म्युझिक', १ नोव्हेंबर १९६८ ला इंग्लंडमध्ये निघाला. बीटल्समधल्या कुणीही स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम, आणि त्यांच्या 'ॲपल' कंपनीचाही पहिलाच. त्याचा बराचसा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला.

स्टुडिओ म्हणजे काय होतं, तेही ऐका. इमारत कचेऱ्यांची. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा धडधडाट सुरू व्हायचा आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. खालच्या रस्त्यावरच्या टॅक्स्या काही तुकड्यांत कान देऊन ऐकलं तर सापडतात, असं खुद्द हॅरिसननेच पुढे सांगितलं. यंत्र एकपदरी, म्हणजे मोनो. तेव्हा एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. आता हावड्याहून मुंबईला येणारी गाडी नागपूरमार्गे येवो की अलाहाबादमार्गे, तिला भुसावळ आणि जळगाव चुकत नाही. म्हणजे हे धूड जळगाव स्टेशनातूनच पुढे गेलं असणार. पैज हरलेल्या मित्राला एवढा दिलासा द्यायला हरकत नाही.

वादक कोण होते, हे पाहिलं की गिटारचं कोडंही सुटतं. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास, तबला-पखवाजाला महापुरुष मिश्रा, बासरीला एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, शिवाय सनईवाले आणि हार्मोनियमला रिजराम देसाद. मुंबईत हॅरिसन स्वतः वाजवायला बसलाच नाही म्हणा ना! १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, आणि त्या दोन वर्षांत त्याचं मन गिटारीवरून पार उडालं होतं. शिवाय काम होतं चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं. जो मॅसॉट दिग्दर्शित 'वंडरवॉल'मध्ये एक एकलकोंडा प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारच्या तरुणीला न्याहाळत बसतो. संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे संगीताला रान मोकळं. हॅरिसनने स्टॉपवॉच घेऊन चित्रपट पाहिला, कुठे किती सेकंद लागतील ते टिपलं आणि तेवढ्या मापाचे तुकडे वादकांकडून करून घेतले. आपल्याकडचे अरेंजर वर्षानुवर्षं करत आले तेच काम. फरक इतकाच की इथे वादकांची नावं कव्हरवर छापली गेली. त्या काळात आपल्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकाचं नाव शोधून सापडायचं नाही.

गिटार अगदीच नाही असं मात्र नाही. लंडनमध्ये केलेल्या भागात ती आहे. पण 'स्कीइंग' या तुकड्यातली कडक गिटार एरिक क्लॅप्टनची, तीही 'एडी क्लेटन' या टोपणनावाखाली.

आता लोकांच्या पसंतीचं. इंग्लंडच्या यादीत अल्बमला जागाच मिळाली नाही. अमेरिकेत 'बिलबोर्ड'च्या यादीत तो ४९ व्या क्रमांकापर्यंत चढला. बीटल्सच्या मानाने हे काहीच नव्हे. कारणं उघड आहेत. चित्रपट फारसा चालला नाही आणि तीन आठवड्यांतच, २२ नोव्हेंबरला, बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' बाजारात आला. मग कोण विचारतो? आणखी एक : एकोणीस तुकडे, पण गुणगुणावं असं एकही गाणं नाही. बीटलचा आवाज ऐकायला पैसे मोजणाऱ्याच्या हातात पडली तारशहनाई. पुढे पूर्व-पश्चिमेच्या मिश्र संगीताचा बोलबाला झाला, तेव्हा कुठे जाणकारांनी या अल्बमची दखल घेतली.

माझं मत विचाराल तर सगळंच काही थोर नाही. 'गत किरवाणी' जेमतेम सव्वा मिनिटाची. राग कुठे डोळे उघडतो न उघडतो तोच कात्री लागते. स्टॉपवॉचपुढे किरवाणीचं काय चालणार! लंडनचे काही तुकडे तर नुसते भरीला घातल्यासारखे आहेत. पण 'लव्ह सीन' सावकाश ऐका. त्यात आशिष खाँ यांनी स्वतःशीच जुगलबंदी केली आहे. एकदा सरोद वाजवून ठेवली आणि मग तिच्यावर दुसरी चढवली. कलकत्त्याहून आलेल्या यंत्राचा असा उपयोग झाला. तुमच्या बँडमध्ये कुणी सनई-क्लॅरनेटवाला असेल तर त्याला 'मायक्रोब्ज' ऐकवा.

याच दिवसांत मुंबईत एक जादा चाल ध्वनिमुद्रित झाली, ती अल्बममध्ये आली नाही. तिच्यावर लंडनला आवाज चढवला, आणि 'दि इनर लाइट' या नावाने ती मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आली. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. २०१४ मध्ये निघालेल्या अल्बमच्या आवृत्तीत या चालीचं गाण्याविना मुंबईचं ध्वनिमुद्रण जोडलं आहे. मित्राला सुरुवात तिथूनच करायला सांगा.