विहिरीची निगा व पंपाची दुरुस्ती

पंप बंद पडला कीं घरांत धांदल उडते. कारागीर येतो, बेअरिंग बदलतो, आणि सायंकाळपर्यंत पाणी वाहूं लागतें. विहिरीचा गाळ मात्र कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. वस्तुतः तोच गाळ पंपांत शिरून पंखा झिजवितो व फूटव्हॉल्व्ह तुंबवितो. दुरुस्तीचा पुष्कळसा खर्च आम्ही अनास्थेचें व्याज समजतों.

आमच्या निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागें गाळ सांचला, तेथें पाणथळ झाली, पक्षी आले, आणि २०२० सालीं त्या स्थळाचा रामसर यादींत समावेश जाहीर झाला. तें भाग्य विहिरीच्या वाट्यास येत नाहीं!

शिवाय उन्हाळ्यांत मुलें विहिरींतच पोहतात, आणि कोठें कोठें तेंच पाणी पिण्यासही लागतें. नवा पंप दूषित पाणी अधिक वेगानें वर आणील, शुद्ध करणार नाहीं. त्याकरितां दर १००० लिटरांमागें सुमारें २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलींत कालवावी, वरची निवळी विहिरींत सोडावी व निदान अर्धा तास पाणी उपसूं नये. उन्हानें क्लोरीन उडून जातो. सबब हें काम एकदां करून भागत नाहीं.

गाळ वैशाखांत, पाणी तळास गेलें असतां काढवावा. परंतु खोल विहिरींत विषारी वायु सांचलेला असतो, तेव्हां विद्यार्थ्यांनीं आंत उतरण्याची हौस धरूं नये.